‘फक्त रील टाका, गिऱ्हाईक आपोआप येईल’: व्यापाऱ्यांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

पूर, आग, रस्तारुंदीकरण किंवा घरातले आजारपण यांमुळे बंद पडलेले दुकान पुन्हा उघडणाऱ्यांसाठी एक संदेश व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: ‘पाटी, पत्रके, वर्तमानपत्रातली जाहिरात यांवर आता एक रुपयाही घालवू नका. सोशल मीडिया फुकट आहे. रोज रील टाका, फॉलोअर वाढवा, तुमच्या नुकसानीची कहाणी सांगा, मोठी सवलत जाहीर करा. गिऱ्हाईक आपोआप येईल.’ सोशल मीडिया वापरू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र हा संदेश ज्याच्या हाती पडतो त्या माणसाचे भांडवल आधीच गेलेले असते, आणि त्याला चुकीचा सल्ला परवडत नाही, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

माझ्या डोळ्यांसमोर चिपळूणची बाजारपेठ आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी पेठेत शिरले आणि दुकानांमध्ये गाळाशिवाय फारसे काही उरले नाही. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. म्हणजे गाळ उपसणे, पंचनामा, विम्याची कागदपत्रे, रंगकाम आणि नवा माल भरणे या सगळ्यासाठी हातात अवघे पन्नास दिवस होते. माझ्या काकांचे कापडाचे दुकान त्या पन्नास दिवसांत पुन्हा उभे राहिले आणि ते उघडल्याची बातमी लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम माझ्याकडे होते.

सोशल मीडिया फुकट आहे, हे पहिले विधान खाते उघडण्यापुरतेच खरे आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले होते की लोकांना त्यांच्या नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या पोस्ट अधिक दाखवल्या जातील आणि व्यवसायांच्या पानांवरचा मजकूर कमी दिसेल. त्यामुळे दुकानाचे पान पूर्वी ‘लाइक’ केलेल्या माणसालाही आपली पोस्ट दिसेलच याची खात्री नसते आणि ती दिसावी म्हणून पैसे भरावे लागतात. ते पैसे भरण्यालाही माझा विरोध नाही. दुकानाभोवतीच्या काही किलोमीटरांच्या परिघातच जाहिरात दिसेल अशी सोय तिथे आहे आणि थोड्या रकमेत ती उपयोगी पडते. तो खर्चच आहे एवढे मान्य करून हिशेबात धरावा. शिवाय रोज रील करायची म्हणजे मालकाचे किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाचे रोजचे एक-दोन तास जातात, आणि दुकान नव्याने लावण्याच्या दिवसांत ते तास सर्वांत महाग असतात.

फॉलोअर वाढले की विक्री वाढते, हे दुसरे विधान. चिपळूणच्या दुकानाची रील नागपुरात किंवा इंदूरमध्ये दहा हजार लोकांनी पाहिली, तर त्यातला एकही माणूस सदऱ्याचे कापड घ्यायला पेठेत येणार नाही. आमच्या बाबतीत सर्वांत उपयोगी ठरली ती एक साधी पोस्ट: दुकानाच्या दर्शनी भागाचे छायाचित्र, उघडण्याची तारीख, वेळ आणि कोणता माल आला आहे याची चार ओळींची यादी. ती गावच्या आणि वाडीच्या गटांवरून मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत गेली. गणपतीला गावी येणाऱ्या माणसाला खरेदी मुंबईत उरकायची की गावी पोहोचल्यावर करायची हे आधीच ठरवावे लागते, आणि पेठ उघडली आहे की नाही हेच त्याला कळत नव्हते. त्या महिन्यांत करोनाच्या निर्बंधांमुळे दुकानांच्या वेळाही बदलत होत्या, त्यामुळे नेमकी वेळ लिहिण्याला रीलपेक्षा कितीतरी अधिक किंमत होती.

फॉलोअर ही आपली मिळकत नसते, हेही लक्षात ठेवावे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली तेव्हा अनेकांनी कष्टाने जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली होती. गिऱ्हाइकांचे क्रमांक आपल्या वहीत असतील, तर अशा वेळी निदान फोन तरी करता येतो.

आता ज्या सल्ल्याने सर्वाधिक नुकसान होते, त्याकडे वळतो. नुकसानीची कहाणी सांगा आणि मोठी सवलत द्या, असे हा संदेश एका दमात सांगतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की वाचणाऱ्याच्या मनात काय येते, याचा विचार त्यात नाही. गाळाने माखलेल्या ताग्यांचे छायाचित्र आणि त्याखाली ‘५० टक्के सूट’ असे वाचणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की हा पुरात भिजलेला माल तर नव्हे. आम्ही पहिल्या आठवड्यात अशीच पोस्ट टाकली होती. त्यानंतर दुकानात आलेल्या बायका कापड नाकाशी धरून वास घेत होत्या आणि नवा माल असल्याचे आम्हाला बिले दाखवून पटवावे लागत होते. कापडाचे एक वेळ निभावते. किराणा, मिठाई किंवा औषधे विकणाऱ्याला तर हा संशय महिनोन्‌महिने पुरतो. भिजलेला माल सवलतीत विकायचाच असेल तर तो भिजलेला आहे असे स्पष्ट लिहून वेगळा विकावा, खाण्याच्या वस्तू आणि औषधे असतील तर विकूच नयेत, आणि नवा माल नव्या मालासारखा, त्याच्या रास्त भावात मांडावा. लोकांना आपल्याबद्दल कळकळ असते आणि पहिल्या दिवशी ती त्यांना दुकानापर्यंत आणतेही. दुसऱ्यांदा ते येतात ते मालासाठी.

परगावच्या एखाद्या प्रसिद्ध व्हिडिओकर्त्याला पैसे देऊन दुकानाची वाहवा करून घ्यावी, असेही या संदेशाच्या काही आवृत्त्यांत जोडलेले असते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पैसे घेऊन केलेल्या अशा व्हिडिओवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. ते न लिहिता केलेली स्तुती ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि छोट्या गावात ती लपूनही राहत नाही.

पाटी आणि पत्रके कालबाह्य झाली, हे विधान ज्याने लिहिले त्याने बहुधा आठवडी बाजाराच्या दिवशी कोणत्याही तालुक्याच्या गावी काही वेळ उभे राहून पाहिलेले नसावे. खेड्यातून एसटीने येणारी म्हातारी माणसे आमच्या पेठेतले निम्मे गिऱ्हाईक आहेत, असे काका म्हणत. त्यांच्यापर्यंत बातमी गेली ती दारावरच्या कापडी फलकाने, शेजारच्या दुकानदाराने आणि रिक्षावाल्यांनी.

व्हॉट्सअ‍ॅपचे मात्र वेगळे आहे, आणि रीलच्या नादात हा संदेश त्याचा उल्लेखही करत नाही. जुन्या गिऱ्हाइकांची प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) करून पाठवलेला एक संदेश थेट त्यांच्या हातात पडतो. अशा एका यादीत २५६ जणच मावतात आणि ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणून पुरात फोन वाहून गेला तरी क्रमांक बदलू नये; मोबाइल कंपनीकडून त्याच क्रमांकाचे सिम पुन्हा घ्यावे. नवा क्रमांक घेतला की वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक यादीत असूनही त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि आपल्याला वाटत राहते की लोक विसरले.

त्या संदेशाच्या शेवटच्या वाक्यातला ‘आपोआप’ हा शब्दही खरा नाही. पोस्ट वाचून लोक प्रश्न विचारतात: रविवारी चालू आहे का, उधारीचे जुने खाते चालेल का, शिवायला टाकलेले कापड वाचले का. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणे आम्हाला फार जड गेले, पण ते प्रत्येकाला दिले. गूगलच्या नकाशावर आमचे दुकान मात्र उघडल्यानंतरही कितीतरी दिवस ‘तात्पुरते बंद’ असेच दिसत होते आणि ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. पनवेलहून निघालेल्या एका गिऱ्हाइकाने वाटेतून फोन करून विचारले तेव्हा ते कळले, आणि त्याच संध्याकाळी आम्ही ती नोंद दुरुस्त केली.