हॉटेल एक, पत्ते तीन

चित्रपटांच्या चित्रीकरणस्थळांवरचा एक लेख वाचला. त्यातल्या यादीत ‘द शायनिंग’ या भयपटातलं हॉटेल म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं स्टॅनली हॉटेल दिलंय, ते अर्धंच खरं आहे. लेखक स्टीफन किंगला या सिनेमामागची कादंबरी सुचली ती १९७४ मध्ये तिथे मुक्कामाला असताना, एवढं बरोबर. पण दिग्दर्शक कुब्रिकच्या १९८० च्या सिनेमात बाहेरून दिसतं ते ओरेगनमधलं, माउंट हूडच्या उतारावरचं टिंबरलाइन लॉज. आणि ते अंगावर येणारे कॉरिडॉर? लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओतले सेट!

खोलीची गंमत तर लेखात यायलाच हवी होती. कादंबरीत भुताटकीची खोली २१७. सिनेमा बघून त्या खोलीत कुणी राहायला येणार नाही, या धास्तीने लॉजवाल्यांनी नंबर बदलायला लावला. म्हणून सिनेमात २३७, कारण त्या नंबरची खोली लॉजमध्ये नव्हतीच. आता मात्र तिथे सगळ्यात जास्त मागणी २१७ लाच असते.

स्टॅनलीवाल्यांचं धोरण उलटं. सिनेमातला झुडपांचा चक्रव्यूह शोधत लोक यायचे, तर २०१५ मध्ये त्यांनी तो चक्क लावूनच टाकला. धंदा कळतो बुवा त्यांना! १९९७ ची टीव्ही मालिका मात्र खरोखर स्टॅनलीतच चित्रित झाली होती, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.