'सखी' केंद्रात पैसे लागतात? नाही

सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशनाचे पैसे द्यावे लागतात आणि आधी एफआयआर हवा, असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

१ एप्रिल २०१५ पासूनची ही केंद्र सरकारची योजना महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून चालते. हिंसेला तोंड देणाऱ्या बाईला समुपदेशन, वैद्यकीय मदत, कायदेशीर सल्ला, तात्पुरता निवारा हे सगळं तिथं मोफत मिळतं. पोलिसांत जायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. समुपदेशक त्यासाठी अडून बसत नाहीत, बसूही नये. १८१ हेल्पलाइनवरूनही केंद्राशी जोडून दिलं जातं.

आवाज उठवायचाच असेल तर या समुपदेशकांना पुरेसं मानधन, तेही वेळेवर मिळावं यासाठी उठवा. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. त्यानं एखादी बाई दारातूनच परतेल.