मावशींचे हातमोजे आणि ती सुई

नमस्कार. ‘हातमोजे दिलेले असतात, या बायका घालत नाहीत आणि सुई टोचली की खापर दवाखान्यावर’, असं तुम्ही माझ्या मागच्या लेखाखाली लिहिलंत, आमच्या वॉर्डातला कचरा उचलणाऱ्या मावशींना सुई टोचली त्याबद्दलच्या. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिलं रागात लिहिलं होतं, ते खोडलं.

आधी तुमचं बरोबर आहे ते. मावशींनी त्या दिवशी मोजे घातले नव्हते, कमरेला खोचले होते. हे मी लेखात सांगायला हवं होतं. पण सुई हाताला टोचलीच नाही. जिना उतरताना पिवळी पिशवी मांडीला घासत होती. सुई पिशवीतून, साडीतून थेट मांडीत गेली. आणि हातात असते तरी ते पातळ मोजे सुई अडवत नाहीत, फार तर तिच्यावरचं थोडं रक्त पुसून घेतात.

मुळात सुई पिवळ्या पिशवीत आलीच कशी? तिथे रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग जातं. सुईची जागा पांढऱ्या टणक डब्यात. ती पिशवीत टाकली माझ्यासारख्याच एका सिस्टरने, घाईत, कारण डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. डबा ड्रेसिंगच्या गाडीवर ठेवा म्हणून आम्ही कितीदा सांगितलं. गाडीवर जागा नाही म्हणे. चौकशी झाली ती मोज्यांची. डब्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

लसीचं तर विचारूच नका. 2016च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. मावशी कंत्राटी. सहा वर्षं पिशव्या उचलल्या, लस एकही नाही. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्याने लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची साधारण 0.3 टक्के. आपण सगळे घाबरतो मात्र दुसऱ्यालाच.

असं लिहिल्याने कामगार घाबरतील, हा तुमचा दुसरा मुद्दा. मावशी घाबरल्या होत्याच, पण कामावरून काढतील म्हणून. दोन दिवस बोलल्या नाहीत. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला भांडारात गाठून सांगितलं, तेव्हा 60 तास उलटून गेले होते. पुढे 28 दिवस गोळ्या, मळमळ, आणि त्यातच ड्युटी. सहा महिन्यांनी रिपोर्ट निगेटिव्ह आले.

डबा आता गाडीवर आहे. वॉर्डातल्या मामांनी तो सलाईनच्या नळीने बांधलाय. कोऱ्या नळीने, तुम्ही विचारायच्या आत सांगते.