कनिंग म्हणजे हुशार नव्हे

आज भाचीची इंग्रजीची वही चाळली आणि डोकंच फिरलं. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचे सिनॉनिम्स, म्हणजे समानार्थी शब्द, रोज 20 शब्द पाठ करायचे. 'फेमस : वेल-नोन, रिनाउन्ड, नोटोरियस'. खाली तिने केलेलं वाक्य : माझे आजोबा नोटोरियस शिक्षक होते. आणि त्यावर लाल पेनाची बरोबरची खूण! अहो, नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध. तिचे आजोबा म्हणजे माझे वडील. तपासणाऱ्याने ते वाक्य वाचलं तरी होतं का?

पोरीचा काय दोष? तिला सांगितलंय की हे सगळे शब्द सारखेच. मराठीत असं कुणी शिकवेल? वारणे, निवर्तणे, मरणे, खपणे, अर्थ एकच! मग जा कुणाला भेटायला आणि म्हणा, 'तुमचे वडील खपल्याचं कळलं.' आपण असं बोलत नाही, कारण लहानपणापासून कुठला शब्द कुणाबद्दल, कुठल्या आवाजात बोलतात ते ऐकत आलोय. इंग्रजीचं तसं ऐकणं ज्या मुलांना मिळालेलं नाही, त्यांच्या हातात निदान वाक्यं तरी द्या.

माझा इतका संताप का होतो, तेही सांगते. पहिल्या नोकरीत एक सीनियर मॅडम होत्या. मला हाताला धरून काम शिकवलं त्यांनी. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कार्डावर मला साधं 'क्लेव्हर' लिहायचं नव्हतं, भारी शब्द हवा होता. पाठ केलेल्या यादीतला 'कनिंग' उचलला. तुमच्यासारखी कनिंग बाई मी पाहिली नाही, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्यांनी ते वाचलं, क्षणभर थांबल्या, कार्ड मिटून पर्समध्ये ठेवलं आणि 'थँक यू' म्हणाल्या. बस.

काही महिन्यांनी एका कादंबरीत हाच शब्द एका दगाबाज माणसाला लावलेला वाचला. पुस्तक हातात तसंच राहिलं. धूर्त, कावेबाज. मी त्यांना हे म्हटलं होतं.

परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात आणि वाचताना शब्द ओळखायला यादी उपयोगी पडते, मान्य. पण ओळखणं वेगळं आणि वापरणं वेगळं. रॉजेट नावाच्या डॉक्टरने 1852 साली इंग्रजीचा तो गाजलेला थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश, काढला, त्यात शब्दांचे अर्थ दिलेलेच नव्हते. ज्याला शब्द ठाऊक आहेत पण ऐन वेळी नेमका सापडत नाही, अशा माणसासाठी होता तो. शिकणाऱ्यांसाठी कोश केला हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकाने, जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता, 1942 साली. शब्द वाक्यात कसा बसतो हे दाखवण्यावर त्याचा भर होता. पुढे 1987च्या कोबिल्ड या शब्दकोशाने तर खऱ्याखुऱ्या लिखाणातून वाक्यं उचलून दिली. एवढं सगळं तयार असताना आपण मुलांना चार शब्द आणि मध्ये '=' हे चिन्ह देतो!

इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द आहेत, कारण 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच भाषा आली, लॅटिन तर होतीच. म्हणून आई 'आस्क' करते, वकील 'क्वेश्चन' करतो आणि पोलीस 'इंटरॉगेट' करतात. चूक 'मेक' करायची, गुन्हा 'कमिट' करायचा. किती सुंदर आहे हे! मुलांना खरंच आवडतं, कुणी दाखवलं तर.

संध्याकाळी दोघी बसलो. 20 नाही, दोनच शब्द घेतले, 'फ्रूगल' आणि 'स्टिंजी'. प्रत्येकाची पाच-पाच वाक्यं शोधून मोठ्याने वाचली. चौथ्या वाक्याला तीच म्हणाली, 'मावशी, फ्रूगल माणूस पैसे जपून वापरतो, स्टिंजी माणूस दुसऱ्याला देताना हात आखडतो. एक कौतुक आहे, एक नावं ठेवणं.' मी काहीच समजावलं नव्हतं. मग तिने आपणहून मागचं पान उघडलं, 'नोटोरियस' खोडलं आणि 'रिस्पेक्टेड' लिहिलं. माझा राग तिथेच उतरला.

मग तिला कार्डाची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, 'त्या मॅडमना नंतर सांगितलंस का, तुला काय म्हणायचं होतं ते?'

नाही सांगितलं. आधी लाज वाटली, मग फार वर्षं झाली असं वाटलं. त्यांचा नंबर अजून आहे माझ्याकडे. उद्या सकाळी फोन करणार आहे.