‘कंपन्यांनी बॅटरीचा नाद सोडला’ म्हणे!

शनिवारी सकाळी साडेसातला मामांचा फोन. ‘अरे, गाडी काढून टाकतोय. बॅटरीचं सगळं संपलं म्हणे.’ सिंहगड रोडला राहणारा, प्रत्येक पावती फाइलला लावणारा माणूस. अडीच वर्षांपूर्वी हौसेने विजेची गाडी घेतली, ती ३८ हजार किलोमीटर विनातक्रार चालली. आता एक एजंट साडेपाच लाख देतोय आणि मामा ‘हो’ म्हणायच्या बेतात. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड.

त्या फॉरवर्डचा सारांश असा: फोर्डसारख्या कंपन्यांनी बॅटरीतून अंग काढून घेतलं, परदेशात नाकारलेली ‘लोखंडाची’ बॅटरी भारताच्या गळ्यात मारली जातेय, ती तीन वर्षांत संपते, म्हणून ८० टक्क्यांच्या पुढे चार्ज करू नका, आणि ती पेट घेते. शेवटी ‘जुनी ईव्ही आजच विका’ आणि खाली एक मोबाइल नंबर. नंबर पाहिल्यावर खरं तर पुढचं लिहायची गरज नव्हती, पण मामांना पटत नाही.

फोर्डचं अर्धं खरं आहे, ते मान्य करून टाकतो. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने तब्बल १९.५ अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला आणि एफ-१५० लायटनिंग हा मोठा ट्रक निव्वळ विजेवर चालवायचा बेत सोडला. पुढच्या लायटनिंगमध्ये बॅटरी भरायला पेट्रोलचा जनरेटर असेल. अमेरिकेत ईव्हीवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, महागड्या मोठ्या गाड्यांची मागणी बसली. पण त्याच घोषणेतलं पुढचं वाक्य फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलंय. केंटकीतला बॅटरी कारखाना बंद न करता ग्रिड आणि डेटा सेंटरसाठी वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांकडे वळवला. आणि २०२७ मध्ये साधारण ३० हजार डॉलरचा पिकअप आणायचाय, त्याच्या बॅटरीचे सेल मिशिगनमधल्या मार्शल गावी बनणार आहेत. कोणते सेल? तेच, ‘लोखंडाचे’!

इथेच माझं डोकं फिरतं. लोखंडाची म्हणजे एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट. तिच्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही, म्हणून स्वस्त. परदेशात नाकारलेली? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२५ चा ईव्ही अहवाल उघडून बघा. २०२४ मध्ये जगभरच्या विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या बाजारात एलएफपीचा वाटा जवळपास निम्मा, चीनमध्ये पाऊण हिश्शाच्या आसपास. त्याच वर्षी जगात १ कोटी ७० लाखांहून जास्त विजेच्या गाड्या विकल्या गेल्या. अमेरिकेत तिचा वाटा अजून कमी आहे, आणि म्हणून तिथल्या कंपन्या आता तिच्यामागे धावताहेत. फोर्ड तर चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीकडून तंत्रज्ञान परवान्यावर घेते. जनरल मोटर्स आणि एलजीने टेनेसीतल्या स्प्रिंग हिलचा चालू कारखाना २०२५ मध्ये एलएफपीसाठी बदलायला घेतला. नाकारलेल्या मालासाठी चालू कारखाना कोण उकरतं? आपल्या चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ मध्येही एलएफपीच आहे, आणि पहिल्या खासगी मालकाला तिच्यावर आजीवन वॉरंटी.

तेवढ्याच विजेसाठी ती निकेलवाल्या बॅटरीपेक्षा जड पडते, हे खरं. भंगारातही तिला कमी भाव, कारण आत निकेल-कोबाल्टसारखे महागडे धातू नाहीत.

आता ८० टक्क्यांची गोष्ट, कारण तिने मामांचं खरंखुरं नुकसान केलंय. गेले दोन महिने ते रात्री दीडचा गजर लावून, स्वेटर चढवून पार्किंगमध्ये उतरतात आणि ७९ वर प्लग काढतात. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी! निकेलच्या बॅटरीला रोज काठोकाठ भरू नये हे ठीक. मामांच्या गाडीत आहे ती एलएफपी, तिचं उलट आहे. चार्ज निम्मा असो की पाऊण, तिचं व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे आत नेमका किती चार्ज आहे हे गाडीला अंदाजानेच काढावं लागतं. अधूनमधून पूर्ण १०० केली की तो अंदाज ताळ्यावर येतो. मामांच्या गाडीतल्या पडद्यावर मागच्या आठवड्यात वारज्याच्या पुलावर ३१ टक्के एकदम २२ झाले आणि त्यांना वाटलं, बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत आहे, हिशेब चुकलाय. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे, फाइलमध्येच आहे ते.

तीन वर्षांत संपते म्हणणाऱ्याने साधा गुणाकार करावा. एका चार्जला २५० किलोमीटर आणि हजारच पूर्ण चार्ज धरले, तरी अडीच लाख किलोमीटर होतात. एलएफपी त्याहून बरीच जास्त टिकते. मामांची वॉरंटीच आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे.

आगीबद्दल एवढंच: एलएफपी तापून भडकायला निकेलवालीपेक्षा जास्त तापमान लागतं, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे विजेच्या स्कूटर पेटल्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले.

जुन्या ईव्हीला भाव पडून मिळतो, हे मात्र नाकारत नाही. नव्या बॅटऱ्या स्वस्त होत चालल्यात, गिऱ्हाईक घाबरलेलं आहे. पण घाबरवतंय कोण? मामांना म्हटलं, फॉरवर्डखालचा नंबर आणि तुमच्या एजंटचा नंबर शेजारी ठेवून बघा. दोन मिनिटं फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, ‘शेवटचे चार आकडे तेच आहेत रे. पहिले बघतो थांब, चष्मा आणतो.’