जाऊबाईनं गोळी का सोडली

"पाळी गेलेल्या बाईला कोलेस्टेरॉल जास्तच लागते. मेंदू त्याचाच बनलेला आहे. गोळीनं ते उतरवलं की विसर पडतो, मन उदास होते. म्हातारपणी ज्याचं कोलेस्टेरॉल जास्त, त्याचं डोकं तल्लख. गोळी बंद करा."

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या बचत गटात हा मेसेज फिरला आणि माझ्या जाऊबाईनं कोलेस्टेरॉलची गोळी सोडली. फळीवर हळदीच्या डब्यामागं पाकीट सापडलं, दहातल्या सात गोळ्या तशाच. म्हणाली, "वरणात दोनदा मीठ टाकलं व माय. गोयीनंच होऊन राह्यलं हे."

मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असतं, हे खरं. वजनानं मेंदू अंगाच्या जेमतेम २ टक्के, पण अंगातलं पाचवा हिस्सा कोलेस्टेरॉल तिथं. फक्त मेंदू ते स्वतःपुरतं स्वतःच तयार करतो, रक्तातलं आत घेत नाही. ज्या वावराला स्वतःची विहीर आहे, त्याला कालवा भरला काय नि आटला काय!

"जास्तच लागते" तर साफ खोटं. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या अंगातलं संप्रेरक, असेतो यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, भराभर उचलतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं, उचल मंदावते, ते साचत जातं.

गोळीनं विसर पडण्याची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. २०१२ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या गोळ्यांच्या, माहितीपत्रकात तशी सूचना घातली. पण गोळी थांबवली की ते निवळतं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. त्याआधी २००२ मध्ये प्रॉस्पर नावाची चाचणी छापून आली होती: ७० ते ८२ वयाचे ५,८०४ लोक, अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी. तीन वर्षांनी दोघांच्या स्मरणशक्तीत फरक नव्हता.

आता ते 'तल्लख डोकं'. म्हाताऱ्या माणसांत कमी कोलेस्टेरॉल आणि कमजोर स्मरण सोबत दिसतात कधीकधी. पण स्मृतिभ्रंश उघड व्हायच्या कितीतरी आधीपासून भूक, वजन, कोलेस्टेरॉल उतरत जातं. मेसेजवाल्यानं बैलापुढं बंडी जुंपली. चाळिशीनंतरचं एलडीएल बघा ना! २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं ते वाढलेलं असणं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं.

मग मीठ दोनदा का पडलं? मी झोपेचं विचारलं. रात्री दोनतीनदा अंगातून वाफा निघतात, लुगडं भिजतं, पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग वेचणी. पाळी जायच्या काळात डोकं असं धुकाटतंच, बहुतेकींचं पुढं सावरतं. पण थायरॉइड बिघडलं, रक्त किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, तरीही नेमकं हेच होतं, म्हणून तिला तालुक्याला नेलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं लागली. डॉक्टर म्हणाले, गोळी सोडू नका, पुन्हा शंका आली तर बदलून देतो.

गोळी परत सुरू आहे. मीठ टाकलं की डब्याचं झाकण उलटं ठेवायचं, ही युक्ती तिची तिनंच काढली.