कोणाला भेटायचंय?

काल एचआरचा मेल आला. आगीच्या मॉक ड्रिलच्या वेळी 'चुकीच्या नोंदीमुळे' सर्वांचा खोळंबा झाला, तरी इंटर्नने गेटवरच्या रजिस्टरमध्ये यापुढे काळजीपूर्वक माहिती भरावी, असा मजकूर. खाली हसरा चेहरा. सीसीमध्ये निम्मा मजला. त्यातल्या बहुतेकांना मी कोण हे ठाऊकच नव्हतं, आता झालं. एवढी प्रसिद्धी मला कामाने कधीच मिळाली नसती.

पार्श्वभूमी फार नाही. कॉलेज लातूरला. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलं, चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं. ते मला मुंबईत, बीकेसीच्या एका काचेच्या इमारतीत मिळालं. राहायला डोंबिवलीला आत्याकडे. आत्याने सगळ्या सोसायटीत 'भाची बीकेसीला असते' असं सांगून टाकलंय, त्यामुळे परतीचा मार्ग बंद.

या इमारतीत कर्मचाऱ्यांना फोटोवालं ओळखपत्र आहे. हाउसकीपिंगला आहे, कॅन्टीनवाल्यांना आहे, कुंड्यांना पाणी घालणाऱ्या मुलाला आहे. इंटर्नला नाही, कारण सिस्टिममध्ये इंटर्न हा प्रकारच नाही म्हणे. म्हणून मला रोज सकाळी 'व्हिजिटर' लिहिलेला पास मिळतो आणि संध्याकाळी परत घेतला जातो. तो देणारे-घेणारे म्हणजे गेटवरचे काका.

काका साताऱ्याकडचे. मिशी पांढरी, शर्टाची इस्त्री कडक, आणि रजिस्टरवर श्रद्धा. नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचंय, कारण, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ, सही. यातला एकही रकाना रिकामा राहिला की काका अस्वस्थ होतात. कंपनीचे मोठे साहेब गाडीतून आले की गेटचा आडवा दांडा आपोआप वर जातो. त्यांच्याकडून न वसूल झालेली सगळी शिस्त काका आमच्याकडून वसूल करतात.

'कोणाला भेटायचंय' या रकान्यात मी माझ्या मेंटॉरचं नाव लिहायचे. एचआरने गेटला पाठवलेल्या मेलमध्ये तेच होतं. मला एक एक्सेल शीट दाखवून, 'हे नीट समजून घे, मग आपण बोलू' असं सांगून त्या गृहस्थांनी लगेचच राजीनामा दिला आणि नोटीस पीरियड विकत घेऊन ते पसार झाले. आपण काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी गेटवर टीममधल्या एका मॅडमचं नाव लिहायला घेतलं, तर काकांनी रजिस्टरवर पंजाच ठेवला.

"हे नाव मेलमधी न्हाई."

"काका, ते सर सोडून गेले."

"कुठं?"

"दुसऱ्या कंपनीत. अंधेरीला."

"मग तिकडं जावा की भेटायला."

"अहो, मला त्यांना भेटायचंच नाहीये!"

काकांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. "मग आत कशाला जाताय, ताई?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही नाही. मागे कुरिअरवाला हॉर्न वाजवत होता. मी मुकाट्याने सरांचं नाव लिहिलं. काकांचा चेहरा उजळला. "असं. मेलात आन् बुकात एकच पायजे. उद्या काय झालं तर?"

संध्याकाळी वेगळाच तमाशा. पासासोबत एक चिठ्ठी असते, तिच्यावर भेटलेल्या व्यक्तीची सही लागते. सर अंधेरीला. शेवटी त्या मॅडम 'करिता' लिहून सही करू लागल्या. काका रोज ती सही उजेडात धरून बघतात, जणू मी चेक वटवायला आलेय. एकदा तर म्हणाले, "एवढं रोज भेटता, पण सायबांना सही करायला येळ न्हाई?" बोलण्यात सहानुभूती होती. तेच जास्त लागलं.

विद्यार्थी म्हणून माझी किंमत कुठेच धड ठरत नाही. लोकलच्या पासात विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण ती घर ते कॉलेज. डोंबिवली ते कुर्ला या पट्ट्यात मी रेल्वेच्या दृष्टीने प्रौढ, कमावती बाई आहे. कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की चौथी सीट म्हणून ड्रायव्हरशेजारी अर्धं अंग बाहेर ठेवून बसायचं, तिथे मात्र "स्टुडंट है ना, अ‍ॅडजस्ट करो." १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन आहे, पण मी त्या कायद्यातली शिकाऊ नाही. २०२४ मध्ये केंद्राने इंटर्नशिप योजना आणली तेव्हा महिन्याला ५,००० रुपये ठरवले, पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांना त्यातून वगळलं. म्हणजे शिकत असताना इंटर्नशिप सक्तीची, आणि पैसे हवे असतील तर शिक्षण संपवून या. हे ज्याने जुळवलं त्याला एकदा आमच्या काकांच्या हवाली करायला हवं.

तर ड्रिल. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याने इमारतीतली आगीची यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ती कागदपत्रं चाललीच आहेत तर ड्रिलही उरकून टाकू, असं अ‍ॅडमिनच्या मनात आलं. जुलै म्हणजे मुंबईत बाहेर काय असतं हे सांगायला नको. भोंगा वाजला, आम्ही जिने उतरलो आणि आगीपासून बचावून धो धो पावसात उभे राहिलो.

मी टीमबरोबर उभी होते. तेवढ्यात शिट्टी. "व्हिजिटर इकडं!" काका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर घेऊन उभे. मग आमची वेगळी रांग. एसी दुरुस्तीवाला, क्रेडिट कार्ड विकणारा एक मुलगा, टाय लावून मुलाखतीला आलेला एक भिजका उमेदवार, आणि मी. ज्याला भेटायला आलात त्याने येऊन ओळखायचं, मग काका टिक करणार. एसीवाल्याला ओळखायला अ‍ॅडमिनचा माणूस धावत आला. क्रेडिट कार्डवाल्यालासुद्धा कोणीतरी आलं.

"ताई, तुमचे सायब?"

"काका, तुम्हाला माहितीये."

काकांना माहीत होतं. पण बुकात वेगळं होतं. त्यांनी वॉकीटॉकी तोंडाला लावला आणि सांगितलं, "एक इसम बाहेर आला न्हाई. नाव लिहून घ्या."

त्यानंतर फायर वॉर्डन जॅकेट सावरत पुन्हा आत गेला. मजले तपासले गेले. बाथरूमची दारं वाजवली गेली. मेगाफोनवरून सरांच्या नावाचा पुकारा झाला. सकाळी नऊ पन्नासपासून मी त्यांना भेटत होते, तशी माझ्या सहीची नोंद होती, म्हणजे ते आत असणारच, असा काकांचा बिनतोड युक्तिवाद. सगळी कंपनी लॅपटॉपच्या बॅगा डोक्यावर धरून अंधेरीतल्या एका माणसाची वाट बघत राहिली. एचआरच्या मॅडम छत्री घेऊन पोचल्या तेव्हा कुठे ऑल क्लिअर मिळाला. काकांना शाबासकी मिळाली, मला मेल.

वर, ड्रिलचा अहवाल करायचं काम माझ्याकडेच आलं. कर्मचारी इतके, कंत्राटी इतके, अभ्यागत चार. स्वतःला अभ्यागतांत मोजून, पाय चार्टमध्ये रंग भरून, मी तो वेळेत पाठवलाय.

आता खरी अडचण पुढेच आहे. कॉलेजच्या फॉर्मवरही मेंटॉर म्हणून सरांचंच नाव आहे. १२० तासांवर त्यांची सही लागते आणि ते फोन उचलत नाहीत. एचआर म्हणते, व्हिजिटरच्या हजेरीची आमच्याकडे नोंद नसते. मी खरंच इथे आले होते याचा लेखी पुरावा, तासा-मिनिटांसकट, जगात एकाच ठिकाणी आहे. म्हणून आज निघताना काकांना म्हटलं, "रजिस्टरच्या पानांचे फोटो काढू का?"

"परवानगी लागंल."

"कोणाची?"

काकांनी पान उलटलं, माझी ओळ शोधली आणि 'कोणाला भेटायचंय' या रकान्यावर बोट ठेवलं.